एल्फचं गुपित फुटल्यावर



डिसेंबर लागला, की अमेरिकेतल्या लेकी-बहिणींकडून घरचे फोटो येऊ लागतात. त्या फोटोंत अलीकडे लाल कपड्यांतला, टोकदार टोपीचा, काटकुळ्या हातापायांचा एक बाहुला हटकून असतो. आज तो फ्रीजमध्ये अंड्यांच्या शेजारी बसलेला, उद्या पडद्याच्या दांडीला लोंबकळलेला, परवा साखरेच्या बरणीत डोकं खुपसलेला! "हे काय गं नवीन खूळ?" असं तुम्हीही विचारलं असेलच. आज या खुळाबद्दलच बोलू या. घरात पाच-सहा वर्षांचं मूल असलं, तर या बाहुल्याचं काय करायचं ते कुणी सांगावं लागत नाही. पण मुलं दहा-बारा वर्षांची झाली, त्यांना जरा शिंगं फुटू लागली, म्हणजे मग या बाहुल्याचं करायचं काय, हा खरा प्रश्न.

आधी थोडी माहिती. या बाहुल्याला म्हणतात एल्फ. उत्तर ध्रुवावर सांताक्लॉजच्या हाताखाली खेळणी बनवणारे बुटके कारागीर म्हणजे एल्फ, अशी तिकडच्या मुलांची समजूत. २००५ साली जॉर्जिया राज्यातल्या कॅरल एबरसोल्ड आणि त्यांची मुलगी चांदा बेल या मायलेकींनी 'द एल्फ ऑन द शेल्फ' नावाचं एक गोष्टीचं पुस्तक काढलं आणि पुस्तकासोबत बाहुला दिला. त्यांच्या घरी पूर्वीपासून असा एक एल्फ होता, त्याच्यावरूनच ही कल्पना निघाली. ती इतकी लोकप्रिय झाली, की २०१२ मध्ये न्यूयॉर्कला मेसीज या दुकानाची थँक्सगिव्हिंगची प्रसिद्ध मिरवणूक निघाली, तीत या एल्फचा भला मोठा फुगा होता.

खेळाचे नियम सोपे आहेत. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं. ते आटोपलं, की एल्फ घरी येतो. मुलं त्याचं बारसं करतात. दिवसभर तो एका जागी निमूट बसून घरात काय चाललंय ते पाहतो. रात्री सगळे झोपले, की उत्तर ध्रुवावर उडून जातो, सांताला सगळा वृत्तान्त सांगतो आणि पहाटे परत येऊन निराळ्याच जागी बसतो. सकाळी उठल्याबरोबर मुलांनी त्याला शोधायचं. हात मात्र लावायचा नाही. लावला तर त्याची जादू जाते. २४ डिसेंबरच्या रात्री तो सांताबरोबर निघून जातो, तो थेट पुढच्या वर्षी येतो.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. आई तिच्याकडे गेली होती, तेव्हा झाडझूड करताना तिनं एल्फला उचललं, फडक्यानं स्वच्छ पुसलं आणि खेळण्यांच्या टोपलीत टाकून दिलं. नातीनं असा टाहो फोडला, की काही तुटलं-फुटलं की काय असंच आईला वाटलं. मग कळलं, की यालाही उपाय आहे. सांताला माफीचं पत्र लिहायचं, नाहीतर एल्फजवळ चिमूटभर दालचिनीची पूड ठेवायची. आईनं मुकाट्यानं मसाल्याचा डबा काढला. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची सवय असलेल्या बाईला दालचिनीचं काय अवघड!

हे झालं लहानांचं. आता मोठ्यांकडे वळू या.

या बहिणीची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि मुलगा अकराचा. मुलाच्या शाळेच्या डब्यात ती रोज दोन ओळींची चिठ्ठी ठेवायची. एल्फही चिठ्ठ्या लिहायचा. डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात मुलानं अक्षर ओळखलं. पण तो काही बोलला नाही. पुढं महिनाभर रोज सकाळी उठून "अरे वा, आज इथं बसलाय का!" म्हणत राहिला. जानेवारीत एकदा गाडीतून जाताना सहज म्हणाला, "आई, मला माहीत होतं गं. पण तू रात्री एवढी जागून करतेस, मग तुला वाईट वाटलं असतं." बहीण मला फोनवर हे सांगताना हसत होती, पण मधेच गप्प झाली.

बघा हं, आई मुलासाठी जागत होती आणि मुलगा आईसाठी आश्चर्य दाखवत होता. दोघंही एकमेकांना जपत होती आणि खेळाची खरी मजा दोघांपैकी एकालाही येत नव्हती. मोठ्या मुलांच्या घरोघरी थोड्याफार फरकानं हेच घडतं. मग काही आया "आता मोठा झालास" म्हणून बाहुला माळ्यावर टाकतात, तर काही जणी मुलाला कळलंय हे दिसत असूनही "छे, मी नाही बाई ठेवला!" म्हणत खेळ ओढत नेतात. मला विचाराल तर दोन्ही नको.

आपण लहानपणी लपंडाव खेळायचो, तेव्हा धाकट्या भावंडाला 'कच्चं लिंबू' म्हणून घ्यायचो. त्याला वाटायचं, आपण खरंच खेळतोय. बाकीच्या सगळ्यांना ते ठाऊक असायचं आणि ते सांभाळण्यातही एक मजा असायची. मग एक दिवस त्या कच्च्या लिंबावरही राज्य यायचं. तो दिवस केवढा मोठा वाटायचा! एल्फचं गुपित कळलेल्या मुलाला नेमकं हेच हवं असतं. त्याला खेळातून बाहेर काढू नका, आपल्या बाजूला घ्या. पाचवी-सहावीच्या वर्गांवर शिकवताना मी रोज पाहते, या वयाच्या मुलांना गंमत पाहण्यापेक्षा गंमत घडवून आणण्यात अधिक रस असतो. फळ्याजवळ नुसतं उभं राहायला कुरकुर करणारा मुलगा प्रश्नमंजूषेचे प्रश्न काढायला सांगितले, की मधल्या सुटीतही बसून राहतो.

आता नाजूक भाग. मुलानं सरळ विचारलं, "आई, तूच ठेवतेस ना?" तर काय सांगायचं? हा प्रश्न काही आजचा नाही. १८९७ साली न्यूयॉर्कमधल्या व्हर्जिनिया ओहॅन्लन या आठ वर्षांच्या मुलीनं 'द सन' या वर्तमानपत्राला पत्र लिहून विचारलं होतं, की सांताक्लॉज खरंच आहे का. मैत्रिणींनी नाही म्हटलं होतं, म्हणून तिला खरं काय ते हवं होतं. फ्रान्सिस चर्च या संपादकांनी आहे असं उत्तर अग्रलेखातून दिलं आणि तो अग्रलेख फार गाजला. ती मुलगी पुढं स्वतः शिक्षिका झाली. पण आठ वर्षांच्या मुलीला दिलेलं उत्तर बाराव्या वर्षी चालत नाही. आधी एकदा विचारून पाहा, "तुला काय वाटतं?" मुलाला खेळ चालू राहायला हवा असेल, तर तो हसून सोडून देईल. पण पुन्हा तोच प्रश्न डोळ्याला डोळा भिडवून आला, तर खरं सांगा. "हो, मीच ठेवते." लगेच पुढचं वाक्य म्हणा, "आज रात्री तू ठेवतोस?" या दुसऱ्या वाक्यात सगळी किल्ली आहे. आपल्याला फसवलं असं त्याला वाटत नाही, उलट आपल्याला मोठ्यांच्या पंगतीत पान मांडलं असं वाटतं.

माझ्या बहिणीनं पुढच्या वर्षी हेच केलं. लोकर, कात्री, चिकटपट्टी असा सगळा सरंजाम एका जुन्या डब्यात घालून तो डबा मुलाच्या हाती दिला. चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी एल्फच्या हातात चिठ्ठी निघाली, की धाकटीनं आपल्या वाट्याचं चॉकलेट दादाला द्यावं. सहाव्या दिवशी हुकूम आला, गाडीत खिडकीची जागा दादाची! धाकटी बिचारी डोळे पुसत जागा सोडत होती. बहिणीनं मुलाला बाजूला घेऊन विचारलं, तर तो म्हणाला, "तूच नाही का लिहायचीस, दूध संपव, खोली आवर, नाहीतर सांताला सांगेन म्हणून?" यावर ती काय बोलणार! मुलानं नवीन काही केलं नव्हतं. आईच्या हाती जे पाहिलं तेच त्यानं गिरवलं होतं.

या खेळातलं खरं दुखणं इथंच आहे. एल्फ चहाडखोर असतो. २०१४ साली कॅनडातल्या लॉरा पिंटो आणि सेलेना नेमोरिन या दोन अभ्यासक बायकांनी यावर लेख लिहिला होता. कुणीतरी सतत आपल्यावर नजर ठेवून आहे आणि ते वरपर्यंत कळवतंय, याची मुलांना या खेळातून सवय लागते, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळी पुष्कळांनी ते हसण्यावारी नेलं. लहान मुलांच्या बाबतीत तुमचं मत काहीही असो, पण बारा वर्षांच्या मुलाला चहाडीचा धाक दाखवून काही मिळत नाही. तो एकतर हसतो, नाहीतर तोच धाक धाकट्यावर वापरतो.

खोडीची गोष्ट मात्र जुनी आहे आणि गोडही आहे. डेन्मार्क-नॉर्वेकडे निस्से नावाचा घरगुती बुटका असतो. नाताळच्या आदल्या रात्री त्याच्यासाठी खिरीसारखी लापशी ठेवायची आणि वर लोण्याचा गोळा घालायचा. लोणी विसरलात, तर तो खोड्या काढणार! डेन्मार्कमधल्या घरांत हल्ली भिंतीच्या पायाशी एक चिमुकलं दार लावतात आणि डिसेंबरभर निस्से त्यातून येऊन उपद्‌व्याप करून जातो. आइसलँडमध्ये तर असे तेरा भाऊ आहेत. १२ डिसेंबरपासून एकेका रात्री एकेक जण येतो. एक दारं आपटतो, एक चमचे चाटतो, एक सॉसेज पळवतो. मुलं खिडकीत बूट ठेवतात, त्यात शहाण्याला खाऊ आणि द्वाडाला बटाटा मिळतो. म्हणून माझं म्हणणं असं, की मोठ्या मुलांच्या घरात एल्फची हेरगिरी बंद करावी आणि खोडी तेवढी ठेवावी. बहिणीनं नियमच केला : एल्फच्या चिठ्ठीत हुकूम नको, धमकी नको, कुणाची तक्रार नको. कोडं चालेल, विनोद चालेल, आमंत्रण चालेल. हा नियम मुलाला, तसाच आई-बाबांनाही!

आता करायचं काय, ते सांगते. या सगळ्या गमती दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आवडतात आणि बहुतेक दहा-पंधरा मिनिटांत मांडून होतात.

बुद्धिबळाचा डाव : एल्फ पटाच्या एका बाजूला बसतो. रात्री तो एक खेळी करतो, मुलानं सकाळी शाळेला जाण्यापूर्वी एक करायची. १ तारखेला सुरू केलं, तर २४ तारखेपर्यंत चोवीस खेळ्या होतात. घरात बाबांना बुद्धिबळ येत असेल, तर हे खातं त्यांच्याकडे सोपवा. मुलाला कळलेलं असतं, की बाबाच रात्री बसून विचार करताहेत. त्यातच मजा आहे.

चित्राचे तुकडे : पाचशे तुकड्यांचं कोडं टेबलावर पसरून ठेवायचं. एल्फ रोज रात्री थोडे तुकडे लावतो, बाकीचे येता-जाता घरातले. शेवटचा एक तुकडा मात्र आधीच काढून एल्फच्या टोपीत लपवून ठेवायचा.

देवनागरीतली चिठ्ठी : ही बहिणीची युक्ती. एल्फ इंग्रजी विसरला आणि मराठीत लिहू लागला! खाऊ कुठं लपवलाय ते देवनागरीत लिहिलेलं. तिकडे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा भरतात, त्यांत मुलं अक्षरं शिकतात, पण घरी वाचायचा कंटाळा करतात. इथं मात्र दोघं भावंडं चिठ्ठी घेऊन व्हिडिओवर आजीपुढं हजर! जोडाक्षरं अडली, तेवढी आजीनं सोडवून दिली. अंकांची सांकेतिक भाषा, आरशात धरून वाचायची उलटी अक्षरं, हेही प्रकार चालतात.

बर्फातला ठेवा : घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत चिठ्ठी घालायची, डबी पाण्याच्या वाडग्यात ठेवून रात्रभर फ्रीझरमध्ये गोठवायची. तरंगू नये म्हणून डबीत पुरेशी नाणी टाकावीत. शेजारी एल्फ, हातात दात कोरायच्या काडीची कुदळ. बर्फ फोडायला वेळ लागतो, म्हणून हे शनिवारीच करावं.

फ्रीजला डोळे : हलत्या बुबुळांचे चिकटवायचे डोळे बाजारात मिळतात. अंडी, दुधाचा डबा, संत्री, लोणच्याची बरणी, सगळ्यांना डोळे लावून एल्फला मधोमध बसवायचं. वरवर "काय पोरकटपणा" म्हणणारी मुलंही शाळेत जाऊन हे आधी सांगतात.

एल्फवर खटला : बाकीच्या खेळण्यांनी एल्फला पकडून काचेच्या बरणीत डांबलंय, अस्वल न्यायाधीश. आरोप, बिस्किटं पळवल्याचा. पुरावा म्हणून चुरा. संध्याकाळपर्यंत मुलांनी निकाल लिहून ठेवायचा. वादविवादाची आवड असलेल्या मुलीला हे फार रंगवता येतं.

लोकरीचा झुला : जिन्याच्या कठड्यापासून सोफ्यापर्यंत लोकरीचा धागा ताणून बांधायचा आणि साखरेच्या लाल-पांढऱ्या वाकड्या काठीला धरून एल्फ घसरगुंडी करतोय असं दाखवायचं. धागा मोठ्या माणसाच्याही डोक्याच्या वर असावा. गळ्याशी येईल असा मुळीच बांधू नये.

चांगल्या कामाचं आमंत्रण : आठवड्यातून एखादा दिवस एल्फनं मदत मागावी. शेजारच्या आजोबांच्या दारातलं बर्फ काढायला कोण येतंय? गरजूंसाठी धान्य-डबे गोळा करणाऱ्या संस्थेला कुठला डबा द्यायचा? शाळेच्या बसचालकाला आभाराचं कार्ड कोण लिहितंय? आमंत्रण हं, हुकूम नाही.

दमलेला एल्फ : कागदी रुमालांच्या खोक्यात एल्फ पांघरूण घेऊन झोपलेला, वर पाटी 'उठवू नये'. आई दमली असेल, त्या दिवसासाठी ही राखून ठेवा!

ही आईच्या दमण्याची गोष्ट मी थट्टेनं सांगत नाही. चोवीस रात्री एकटीनं जागून हा खेळ चालवायचा म्हणजे हौसेचं ओझं होतं. मोठ्या मुलांना रोज नवं काही लागतही नाही, आठवड्यातून तीन रात्री पुरे. आधीच एका संध्याकाळी सगळ्यांनी बसून चिठ्ठ्या टाकाव्यात, कुणाची रात्र कोणती ते ठरवावं. आजोबांची रात्र, बाबांची रात्र, दादाची रात्र. ज्याची रात्र, त्यानंच दुसऱ्या दिवशी पसारा आवरायचा. एवढं ठरलं, की जमिनीवर पिठाचं बर्फ पसरण्याचं वेड आपोआप कमी होतं. पीठ वाया जातं, पाय घसरतो आणि पुसायला शेवटी आईच!

काही गोष्टी कटाक्षानं टाळाव्यात. बाहुला ओव्हनमध्ये, शेगडीजवळ, दिव्याला किंवा मेणबत्तीला टेकून कधीही ठेवू नये. दुसऱ्याला ठाऊक नसतं आणि बटण दाबलं जातं. घरात रांगतं मूल असेल, तर सुटे डोळे, मणी नकोत. मोठ्या मुलांची वही, दप्तर, फोन यांना एल्फनं हात लावू नये. मार्क, मुरमं, उंची, मित्र-मैत्रिणी यांवर विनोद करू नये; या वयात ते फार लागतं. आणि मुलाचा फोटो चार लोकांना पाठवण्याआधी त्याला विचारावं. "फोटो नको" म्हणाला, तर नको.

धाकटं भावंड असेल, तर मोठ्याकडून एकच वचन घ्यायचं, की गुपित फोडणार नाही. शाळेतल्या लहान मुलांपुढंही नाही. मोठ्या मुलांना हे वचन पाळायला फार आवडतं, असा बहिणीचा अनुभव. चॉकलेटचे हुकूम सोडणारा तिचा मुलगा नंतर धाकटीला शंका आली, तेव्हा आपणहून एल्फच्या बुटांना पीठ फासून खिडकीपर्यंत इवलीइवली पावलं उमटवून आला होता. पीठही त्यानंच पुसलं!

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे हा एल्फ आणायचा का? हट्टानं आणायची काही गरज नाही. वसईत, गोव्यात ख्रिस्ती कुटुंबांत नाताळला येशूजन्माचा गोठा करतात. त्यात मोठ्या मुलांच्या हाताला भरपूर काम असतं. दिवाळीच्या किल्ल्याचंही तसंच. धाकटे मावळे मांडतात, मोठे तट बांधतात. पण ज्यांची लेक, बहीण, भाची परदेशी आहे आणि जिच्या घरात हा लाल टोपीवाला आधीच ठाण मांडून बसलाय, तिला हे पान जरूर वाचून दाखवा. डिसेंबरात तिकडे जाणाऱ्या आज्यांनी तर झाडझूड करण्यापूर्वीच वाचावं!

शेवटी २४ तारखेच्या रात्रीविषयी. लहानांच्या घरी त्या रात्री एल्फ निरोपाची चिठ्ठी ठेवतो. घरात सगळं ठाऊक असलेलं मोठं मूल असेल, तर त्याच्या नावानं एक वेगळी चिठ्ठी एल्फच्या हातात द्या. या वयाची मुलं जवळ घेऊ देत नाहीत, चांगलं काही बोलायला जावं तर "पुरे गं आई" म्हणतात. वर्षभरात त्याचं जे तुम्हाला मनापासून आवडलं, पण बोलायचं राहून गेलं, ते लिहा. आजीला जिना चढताना हात दिलेला असेल, नापास झालेल्या मित्राच्या घरी आपणहून गेलेला असेल. शिकवण नको, पुढच्या वर्षीच्या अपेक्षा नकोत. चार ओळी पुरे. अक्षर लपवू नका, आणि खाली एल्फची नाही, तुमची सही करा.